भित्र्या कुत्र्याला आधी आडोसा द्या, सोबत मागून



आपल्या या पानावर एरवी सोयाबीन, तूर, हरभरा आणि देवणी जनावरं हेच विषय असतात. आज कुत्र्यावर लिहितोय म्हणून हसू नका. आखाड्यावर कुत्रं नाही असा शेतकरी आपल्या नांदेड-लातूर भागात शोधावा लागेल. तरीबी त्याच्यावर कुणी लिहीत नाही.

कारण असं झालं. मागच्या आठवड्यात कंधारकडच्या एका शेतकरी भावाचा फोन आला. त्यांच्या पोरानं पुण्याहून एक लहान जातीचं कुत्रं आणलंय. पहिल्या मालकाला सांभाळणं होईना म्हणून यांनी घेतलं. पंधरा दिवस झाले, ते बाजंखालून निघंना. भाऊ म्हणले, "दादा, जोडीला एखादं पिल्लू आणू का? पिल्लाच्या नादानं धीट होईल म्हणतेत सगळे." हाच प्रश्न मला दोन महिन्यांत तिसऱ्यांदा आला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

माझं मत सरळ सांगतो. पिल्लू आणल्यानं भित्रं कुत्रं धीट होत नाही. त्याला स्वतःची एक जागा मिळाली आणि तिथून आपल्याला कुणी ओढून काढत नाही याची खात्री पटली, की ते आपल्या पायानं बाहेर येतं. पिल्लू त्याच्यानंतर. हा क्रम उलटा केला तर दोन्ही कुत्री बिघडतात आणि एखाद्या दिवशी घरच्या लेकराला दात लागतो. आमच्या घरी लागलाय, म्हणून बोलतोय.

पोळा झाल्यावर लातूरच्या एका ओळखीच्या घरून आम्ही सोनीला आणलं. पामेरियनसारखी दिसती, पांढरी, पाच किलोच्या आतबाहेर वजन, वय चार वर्षं. त्या लोकांची बदली झाली, नव्या ठिकाणी कुत्रं चालत नव्हतं. जाताना ते म्हणले, "तुमच्या शेतावर मोकळी राहील, मजेत राहील." मलाबी तेच वाटलं.

आता विचार करा. चार वर्षं तिसऱ्या मजल्यावर राहिलेलं कुत्रं. त्यानं म्हैस बघितली नाही, ट्रॅक्टरचा आवाज जवळून ऐकला नाही, पायाखाली कधी ढेकळं आली नाहीत. त्याला एकदम आखाड्यावर आणून सोडलं. आपल्याला जो मोकळेपणा वाटतो तो त्याला चहूबाजूंनी धोका वाटतो. दोन दिवस तिनं भाकरीला तोंड लावलं नाही. लघवीला सुद्धा रात्री सगळे झोपल्यावरच जायची.

आमच्यात ज्यानं त्यानं सल्ला दिला, आणि मीच पुढं होऊन करवानी रक्ताचं एक पिल्लू आणलं. बारा दिवसांच्या अंतरानं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, करवानी आणि पष्मी ही आपल्या भागातली जुनी शिकारी कुत्री. चाकूर तालुक्यातलं जानवळ गाव त्यांच्यासाठी नावाजलेलं. उंच, सडपातळ, पळण्यात वाऱ्यासारखी. पिल्लू दोन महिन्यांचं होतं, नाव ठेवलं वाघ्या.

चूक नंबर एक: सोनी लपून बसती म्हणून तिला गोठ्याच्या खांबाला साखळी घातली, "सवय होईल" म्हणून. चूक नंबर दोन: वाघ्याला मोकळं सोडलं, "खेळू द्या" म्हणून. म्हणजे जी भीत होती तिचे पाय बांधले आणि जो अंगावर जात होता त्याला रान मोकळं. वाघ्या दिवसभर तिच्या अंगावर उड्या मारायचा, कान ओढायचा, तिच्या ताटलीत तोंड घालायचा. ती तोंड फिरवायची, ओठ चाटायची, अंग चोरून खांबाला चिकटायची. आम्ही म्हणायचो, बघा, कशी गरीब आहे. चौथ्या दिवशी ती गुरगुरली. मी तिला दटावलं. ही चूक नंबर तीन आणि सगळ्यात मोठी.

सहाव्या दिवशी वाघ्या तिच्या ताटलीवर गेला आणि सोनीनं त्याचा कान धरला. सहा वर्षांचा नातू सोडवायला मधी गेला. त्याच्या हाताला दात घासला. रक्त आलं नाही, खरचटलं.

इथं जरा थांबून कामाचं सांगतो. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. चुना, तिखट, हळद काही भरायचं नाही. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना. घरचं कुत्रं आहे, नुसतं खरचटलंय, असं म्हणून बसायचं नाही. सोनीची रेबीजची लस मुदत संपलेली होती, हे आम्ही तिची वही त्या दिवशी पहिल्यांदा उघडली तेव्हा कळलं. नातवाला पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असे डोस झाले. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही, म्हणून एकबी डोस चुकवायचा नसतो.

घरात काय वातावरण झालं असंल ते सांगायला नको. सूनबाईचं म्हणणं, हे कुत्रं उद्याच्या उद्या घरातून गेलं पाहिजे. तिचं चुकत नव्हतं, आई आहे ती. शेजारी म्हणले, नेऊन सोडा नांदेड रोडला, धाब्यावर जगंल. खोटं कशाला बोलू, मी सोनीला पिशवीत घालून मोटारसायकलला किक मारली होती.

आमची आई पंच्याऐंशीच्या घरात आहे. ती वसरीत बसून म्हणली, "काय करलालाव? बाजारातून आणलेली गाय पहिल्या दिवशी दावणीला बांधून, तिनं शिंग मारलं म्हणून कुणी खाटकाला देतंय का?"

मी गाडी बंद केली.

मंडळी, हे आपल्याला येतं. हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून देवणी गाय आणली किंवा कंधारकडून लाल कंधारी गोऱ्हा आणला, तर आपण काय करतो? पहिले काही दिवस वेगळं बांधतो. एक तर रोगाची भीती. 2022 ला लम्पी आला तेव्हापासून तर नवं जनावर वेगळं ठेवायचं हे लहान पोराला बी कळतंय. दुसरं म्हणजे आपल्याला माहीत असतं की जुनी जनावरं नव्याला मारतात. मग लांबून दिसंल असं बांधतो, वैरण वेगळी टाकतो, आठ-पंधरा दिवसांनी जवळ आणतो, एखादा दिवस उभं राहून बघतो. ही अक्कल आपल्या हाडात आहे. कुत्र्याची गोष्ट आली की आपण ती गुंडाळून ठेवतो, का तर ते कुत्रं आहे.

मग आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दोघांनाबी दाखवून आणलं. तिथं ऐकलेलं आणि आईचं म्हणणं सारखंच निघालं. काय केलं ते क्रमानं देतो.

1. सोनीची साखळी काढली. घरातल्या मागच्या खोलीत बाजंखाली जुनी गोधडी टाकली, तीन बाजूंनी पोती लावली. नियम एकच: तिथं ती बसली असताना कुणी हात घालायचा नाही, वाकून बघायचं नाही. नातवाला हे नीट समजावलं. लेकरांना समजतंय, मोठ्यांनाच परत परत सांगावं लागलं.

2. दोरी वाघ्याच्या गळ्यात आली. समोरासमोर असतील तेव्हा आवर पिल्लाला, मोकळीक भित्र्याला. हे उलटं करायचं नाही.

3. पहिले आठ दिवस भेटच नाही. फक्त वास. सोनीच्या गोधडीचा तुकडा वाघ्याच्या जागी आणि वाघ्याचं पोतं सोनीच्या खोलीच्या दारात. कुत्र्याला माणूस असो की दुसरं कुत्रं, आधी नाकानं ओळख होते.

4. खाणं कायम वेगळं. दाराच्या अलीकडं एक, पलीकडं एक. भांडणाची निम्मी कारणं ताटलीत असतात. सोनीला खोलीत भाकरी-दूध देऊन सगळे बाहेर निघून जायचे. चौथ्या दिवसापासून ती माझ्यासमोर खायला लागली.

5. पहिली भेट घरात नाही, बांधावर. मी सोनीला घेऊन पुढं, पोरगा वाघ्याला दोरीनं धरून वीस पावलं मागं. दोघं एकाच दिशेनं चालत. समोरासमोर आणून तोंडाला तोंड लावायचं नाही. कुत्र्यांच्यात सरळ डोळ्यात डोळे घालून चालून येणं हे भांडणाचं लक्षण असतंय. रोज अंतर थोडं कमी केलं.

6. भेटीआधी वाघ्याला दमवायचं. शेताला दोन चकरा मारून आणलेलं पिल्लू अंगावर कमी जातं. भेट पाच मिनिटं. चांगलं चाललंय तोवरच थांबवायची, बिघडायची वाट बघायची नाही.

7. सोनीनं ओठ चाटले, जांभई दिली, मान फिरवली, शेपूट पोटाखाली घेतली, डोळ्याचा पांढरा भाग दिसला, की वाघ्याला मागं घ्यायचं. आणि गुरगुरली तर तिला रागवायचं नाही. गुरगुरणं म्हणजे कुत्र्यानं दिलेली नोटीस. मी तिला त्याच्यावर दटावलं, तर ती गुरगुरायची थांबली आणि दोन दिवसांनी नोटीस न देता चावली. तिची नोटीस मीच बंद केली होती. ज्या ज्या घरात "आमचं कुत्रं अचानक चावलं" म्हणतेत, तिथं आधी काय काय झालं ते विचारून बघा.

सातवा मुद्दा करवानी जातीला जास्त लागू आहे. ही नजरेनं शिकार धरणारी जात. समोरून काही पळालं की पाठ लागायचं हे त्याच्या रक्तात. भित्रं कुत्रं काय करतं? पळतं. ते पळालं की पिल्लू पाठ लागतं, पाठ लागलं की ते आणखी भितं. दोन महिन्यांचं पिल्लू पाठ लागलं तर गंमत वाटती. पाच महिन्यांचं करवानी सोनीच्या दुप्पट-तिप्पट होतं. तेव्हा त्यानं खेळात जरी तोंडात धरून हिसका दिला तर पाच किलोचं कुत्रं उरत नाही. म्हणून पाठलाग हा खेळ पहिल्या दिवसापासून बंद.

आता पिल्लाच्या बाजूनं दोन शब्द. सगळं लक्ष भित्र्याकडं दिलं तर पिल्लू वाया जातं. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर नावाच्या दोन अभ्यासकांनी कुत्र्यांवर बरीच वर्षं काम केलं, त्यांचं पुस्तक 1965 ला आलं. त्यांनी दाखवलं की साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं, हुंगतं, ज्याच्याशी खेळतं, ते त्याला जन्मभर आपलं वाटतं. आपल्या भाषेत हा पिल्लाचा वापसा. वापशावर पेरलं तर उगवतं. वापसा गेला की पेरायला बंदी नाही, पण मेहनत चौपट आणि उगवण कमी. सोनीचा वापसा तिसऱ्या मजल्यावर निघून गेला, त्याच्यात तिचा काय दोष? वाघ्याचा वापसा चालू होता. त्या दिवसांत त्यानं जर एवढंच शिकलं असतं की दुसरं कुत्रं म्हणजे चावतं, तर आज आमच्या घरी एकाच्या जागी दोन चावरी कुत्री असती. म्हणून त्याला बैल, शेळ्या, पंपाचा आवाज, गावातली लेकरं हे सगळं वेगळं दाखवलं, आणि शेजारच्या आखाड्यावरच्या एका शांत, लस झालेल्या म्हाताऱ्या कुत्रीजवळ सोडलं. जास्त अंगावर गेला की ती त्याला पंजानं गप करायची. ते काम सोनीकडून करून घ्यायचं नव्हतं.

लसीचं विसरू नका. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो-डिस्टेंपरची लस, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं चार महिन्यांचं होईपर्यंत. रेबीजची तिसऱ्या महिन्यात. जंताचं औषध वेळेवर. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, म्हणून ज्या आखाड्यावर आधी पिल्लं हगवणीनं मेलीत तिथं बिनलशीचं पिल्लू नेऊ नका. गोचीड दोघांच्याबी अंगावर रोज बघायची. आणि शेतातली विषारी चीज: उंदरांसाठी झिंक फॉस्फाईड घातलेलं आमिष, बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्याची पोती, फवारणीचे डबे. पिल्लू काहीबी चघळतं आणि भित्रं कुत्रं नेमकं अशाच अडगळीत जाऊन लपतं. हे सगळं कुलपात ठेवा.

काहीजण म्हणतील, कुत्रं ते कुत्रं, एवढे लाड कोण करणार, कामाचे दिवस आहेत. त्यांना माझा हिशोब सांगतो. या सगळ्याला रोजचा अर्धा तास गेला, तोबी चालण्यातच. आणि नातवाला घेऊन दवाखान्याच्या चकरा, मजूर सांगून ठेवलेले असताना सोयाबीनची काढणी दोन दिवस पुढं गेली, घरात आठ दिवस अबोला, हे सगळं अर्धा तास न दिल्याची किंमत.

दुसरे म्हणतील, गावात मोकळं सोडा, चार कुत्री चावली की आपोआप शिकतं. गावातली कुत्री पाच किलोच्या कुत्र्याला शिकवत नाहीत, फाडतात.

आणि रस्त्यावर नेऊन सोडायचं म्हणणाऱ्यांना, ज्यांच्यात मीबी होतो, एवढंच सांगतो की धाब्यावर पट्टा असलेलं पांढरं कुत्रं फिरताना दिसलं तर समजा, कुणाच्या तरी घरातून ते असंच निघालंय. आपण खंडोबाला मानणारी माणसं. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य कुत्र्याला घालतो. माळेगावच्या यात्रेत घोड्यांच्या बरोबरीनं कुत्र्यांचंबी प्रदर्शन भरतं, लोक लांबून येऊन जातिवंत कुत्री बघतात. तिथं कौतुक आणि इथं पिशवीत घालून रोडवर, हे जमत नाही.

शहरातल्या लोकांनाबी एक विनंती. "शेतावर मोकळं राहील" असं म्हणून कुत्रं देऊ नका. शेत हे मोकळं असतं तसंच ते साप, रानडुक्कर, मोकाट कुत्र्यांचंबी असतं. द्यायचंच असंल तर लसीची वही द्या, त्याच्या वासाची गोधडी द्या, ते कशाला भितं ते सांगा, आणि देण्याआधी दोन वेळा आणून दाखवा.

पशुवैद्यक आणि कृषी खात्याच्या मित्रांना सांगणं असं की जनावरांच्या शिबिरात पाच मिनिटं कुत्र्यावर बोला. लोक विचारत नाहीत, कारण कुत्र्याचं विचारायला लाज वाटती. आजारी जनावरासाठी 1962 नंबर आहे हेबी अजून अर्ध्या गावाला माहीत नाही.

आता सोनीचं सांगतो, नाहीतर तुम्ही विचारणारच. शहरातली जाणती माणसं तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशोब सांगतेत: तीन दिवसांत भीती थोडी उतरती, तीन आठवड्यांत घराची रीत कळती, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. आम्ही मधी घोळ घातला म्हणून सोनीला जास्त लागले. दिवाळीत फटाक्यांनी आठ दिवस मागं गेली, परत बाजंखाली. आम्ही खोलीचं दार लावून घेतलं, रेडिओ लावला आणि तिला तिच्या जागी राहू दिलं. भाऊबीज झाल्यावर आपणच बाहेर आली.

आता ती सकाळी वाघ्याच्या मागं मागं बांधापर्यंत येते. तो थांबला की थांबते. म्हणजे पिल्लाच्या सोबतीचा उपयोग झाला, हे मी नाकारत नाही. पण झाला कधी, तर तिला परत पळून येऊन बसायला बाजंखालची जागा आहे हे पक्कं झाल्यावर. अजूनबी ती ट्रॅक्टर सुरू झाला की आत जाते. जाऊ दे. नातू आता तिला उचलत नाही, जमिनीवर बसून हात पुढं ठेवतो आणि वाट बघतो. कधी येते, कधी येत नाही. सूनबाई अजून तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवत नाही. नातू आणि दोन्ही कुत्री एकत्र असली की एक मोठं माणूस तिथं पाहिजेच, हा तिचा नियम आहे आणि तो बरोबर आहे.

सगळ्याच कुत्र्यांचं असं जमंल असं नाही. काही कुत्र्यांना दुसरं कुत्रं कधीच नको असतं. दोन-तीन महिने नीट करूनबी भित्रं कुत्रं खात नसंल, झिजत असंल, तर पिल्लाला दुसरं चांगलं घर बघा. त्याचं वय लहान असतं, ते लवकर रुळतं. भित्र्याला परत हलवू नका, त्याचं एक घर आधीच सुटलेलं असतं.

तर कंधारच्या भावाला माझं उत्तर: आत्ता पिल्लू आणू नका. बाजंखालची जागा त्याला देऊन टाका. आपल्या मनानं बाहेर येऊन तुमच्यासमोर भाकरी खाऊ द्या, दारापर्यंत तुमच्या मागं येऊ द्या. मग पिल्लाचं बघू. तोवर लसीची वही उघडून तारीख बघा, आजच.

तुमच्याकडं काय अनुभव आहे ते लिहा, विशेष करून कुणी पष्मी-करवानीसोबत लहान जातीचं कुत्रं सांभाळलं असंल तर. हरभऱ्यावर घाटेअळी दिसायला लागलीय, त्याची पोस्ट उद्या टाकतो.

राम राम.